न उकळलेलं गंगावन

"उवा विकता का वो तुम्ही?"

दुकानातली सकाळची उदबत्ती अजून विझली नव्हती. उंब्रजच्या अनसूयाबाईंनी वर्तमानपत्राची गुंडाळी काउंटरवर आपटली, तशी ती उलगडली आणि आतून दोन हात लांबीचं काळंभोर गंगावन बाहेर आलं. मी ते लगेच ओळखलं. ओळखणारच, माझ्याच हातानं विणलं होतं. आठ दिवसांपूर्वी ते एका नवरीच्या वेणीत घातलं गेलं होतं आणि ती नवरी, हेमा, आत्ता आमच्या पायरीखाली डोक्यावरून पदर ओढून उभी होती. तिचा हात धरून सात-आठ वर्षांची एक पोर उभी होती, ती मोकळ्या हातानं कराकरा डोकं खाजवत होती.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. कराडला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं गंगावनांचं दुकान. ज्यांचे केस आखूड नाहीतर विरळ, त्या बायका वेणीत घालायला खऱ्या केसांचं गंगावन न्यायच्या, आणि लग्नसराईत तर नवरी मुलींची रांग लागायची. दुकान माझ्या सासूबाईंचं. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. बाई शिस्तीची. गावोगाव केसांच्या बदल्यात सुया नि भांडी देत फिरणाऱ्या बायका विंचरताना निघालेल्या केसांची गुंतवळ आणून टाकायच्या. ती आधी रिठा-शिकेकाईच्या पाण्यात उकळायची, वाळवायची, परत उकळायची, असं तीनदा. त्याशिवाय केस विणायच्या पाटीवर यायचाच नाही. बाहेरच्या फळीवरसुद्धा अक्कांनी रंगवून घेतलं होतं, 'केस तीन वेळा उकळून'. कुणी नवीन माणूस आलं की अक्का आधी बोटानं ती ओळ दाखवायच्या.

"बसा," अक्का म्हणाल्या. "उन्हातनं आलाय. पाणी घ्या."

"पाणी नको, उत्तर पाहिजे." अनसूयाबाई बसल्या नाहीत. "लग्न झालं. म्हटलं हे गंगावन नीट उचलून ठेवावं. बघते तर मुळाशी लिखाच लिखा! माझ्या काळजात धस्स झालं. ह्या नातीचं डोकं बघितलं, शीतलचं. लेकीची लेक आहे, शाळंसाठी माझ्याकडं असते, नवी मामी आल्यापासनं तिच्याच कुशीत झोपते. तर तिच्या डोक्यात उवा. सुनेचं बघितलं, तिच्यात पण. आणि हे बघायला माझी जाऊ नेमकी दारात उभी! झालं. सगळ्या भावकीत सांगत सुटली, अनसूयेच्या सुनेनं हुंड्यात उवा आणल्या म्हणून."

पायरीखाली हेमाची मान आणखी खाली गेली.

"आता मला एकच सांगा," अनसूयाबाई काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या. "ह्या उवा तुमच्या का हिच्या? तुमच्या असतील तर तसं लिहून द्या, मी तो कागद जावेच्या तोंडावर मारते. आणि हिच्या असतील तर साडेअकराची एसटी आहे. हिला चुलत्याच्या दारात नेऊन सोडते. डोकं निवळलं की मग बघू, पाठवायचं का न्हाई ते."

हेमाला चुलत्याच्या दारात सोडणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आणि त्या लिखा कुठून आल्या, तेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी मला एकाच दुपारी कळल्या होत्या, लग्नाच्या तीन आठवडे आधी.

त्या दुपारी अक्का निपाणीला भाचीच्या बारशाला गेल्या होत्या आणि दुकानात मी एकटीच होते. ही पोरगी आली. पिशवीतून जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वेणी काढली. कापलेली, जाड, मनगटाएवढी.

"ह्याचं गंगावन करून मिळंल?" तिनं विचारलं. "माझे केस लईच पातळ आहेत. फुलं पण ठरायची न्हाईत."

"मिळेल की. कुणाची वेणी?"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "आईची."

आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. सरकारी दवाखान्यात चार महिने पडून होती. वॉर्डात चाळीस खाटा, तिच्या केसांत गुंता झाला, उवा झाल्या. तेव्हा एका आयानं ती वेणी मुळापासून कापली आणि फेकायला निघाली, तर हेमानं तिच्या हातातून ओढून घेतली. बाप आधीच नव्हता. मग ती चुलत्याच्या घरी आली. तिथं हिनं वेणी घालून घ्यायला डोकं पुढं केलं, तर चुलतीनं "तुला हात न्हाईत का?" म्हणून सांगितलेलं. लग्न ठरलं तेव्हा चुलती म्हणाली म्हणे, एकदा ही दारातून गेली की परत दार उघडणार न्हाई. हे सगळं हेमानं मला अशा आवाजात सांगितलं, की जसं काही बसचं वेळापत्रक सांगतेय.

मी वेणी हातात घेऊन म्हटलं, "आधी उकळायला टाकते. परवा ये."

तर तिनं माझं मनगटच धरलं. "ताई, उकळू नका."

"अगं, आमचा नियम आहे."

"वास घेऊन बघा," ती म्हणाली.

मी घेतला. माक्याच्या तेलाचा वास. दोन वर्षं झाली तरी वेणीच्या आतल्या पदरात तो तसाच होता.

"उकळलं की जाईल," हेमा म्हणाली. "लग्नात आई मागं उभी असल्यागत वाटंल मला. आणि सासरी सांगू नका हं. गेलेल्या बाईचे केस नवरीच्या डोक्यात म्हटलं की अपशकून म्हणतील. मी दुकानातनं इकत आणलं म्हणून सांगणार आहे."

मी तोंडाची फटकळ बाई. गिऱ्हाइकाशी दोन रुपड्यांसाठी तासभर भांडणारी. पण त्या दिवशी मी लोणी झाले, काय करणार! ओल्या फडक्यानं केस पुसले, खिळ्यांच्या पाटीवरून अलगद ओढले आणि विणायला घेतले. मुळाकडं पांढरे ठिपके दिसले. दिसले, मी खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षांच्या जुन्या केसात काय जिवंत राहतंय, असं मनाशी म्हटलं. शिवाय वरून गजरे येणार, कोण आत बघतंय! अक्का परत आल्यावर मी सांगितलं की एक साधं गंगावन गेलं. त्यांनी वहीत टिपलं, आणि विषय संपला असं मी समजले.

आणि आता तेच गंगावन त्यांच्यासमोर पडलं होतं.

अक्कांनी ते उचललं. उकळलेला केस हाताला कोरडा, सळसळीत लागतो, न उकळलेला मऊ राहतो. तीस वर्षं केसात हात असलेल्या बाईला ते कळायला किती वेळ लागणार? त्यांनी ते नाकाजवळ नेलं. मग माझ्याकडं बघितलं, जेमतेम एक क्षण. मी मेलेच. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी चांगलीच हजेरी घेणार, त्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं. पण सांगायचं काय? 'मी उकळलं नाही' म्हटलं की 'का नाही उकळलं' येणार, आणि 'का' आलं की आई येणार. पायरीखालून हेमा माझ्याकडं बघत होती. त्या पोरीच्या डोळ्यांत नुसतं 'नको, नको' होतं.

अक्कांनी गंगावनाच्या मुळातली एक लीख काढली, दोन अंगठ्यांच्या नखांत धरली आणि दाबली. ज्यांनी कधी पोरांच्या डोक्यातल्या लिखा मारल्यात त्यांना माहीत असेल, जिवंत लीख नखाखाली टच् वाजते. ही वाजली नाही. दुसरी काढली, तीही नाही. त्यांनी नखं पुसली.

"ये गं इकडं," त्यांनी शीतलला हाक मारली. "नाव काय तुझं?"

"शीतल नानासाहेब काळभोर, दुसरी ब," पोरीनं एका दमात सांगितलं.

"ब काय! हुशार आहेस. बघू डोकं."

त्यांनी तिचे केस कानामागून दुभंगले. बराच वेळ बघितलं. मग केसाशेजारी आपल्या बोटाचं पेर लावून काहीतरी मोजलं. पुन्हा दुसरीकडं मोजलं. मग हेमाला वर बोलावून तिचा पदर मागं सारला आणि तिचंही डोकं तसंच बघितलं. अनसूयाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मग?" त्या म्हणाल्या. "कुणाच्या?"

अक्कांनी पदर नीट केला. "आमच्या," त्या म्हणाल्या.

"अक्का!" माझ्या तोंडातून निघून गेलं.

"तू हंडा ठेव चुलीवर. कडुनिंबाचा पाला घाल," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. मग अनसूयाबाईंना म्हणाल्या, "हे गंगावन न उकळता गेलं. चूक आमची. पोरीचा काही दोष न्हाई."

अनसूयाबाईंना हे इतक्या पटकन अपेक्षित नव्हतं. भांडायला पदर खोचून आलेल्या बाईला समोरून भांडणच मिळेना, तशी त्यांची पंचाईत झाली. "लिहून द्या मग," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या.

अक्कांनी दुकानाच्या पावतीपुस्तकातला कागद फाडला, चष्मा लावला आणि वळणदार अक्षरात लिहिलं. लिहिताना मोठ्यानं म्हणत होत्या, म्हणून मला आजही शब्दन् शब्द आठवतो. 'आमच्या दुकानातून गंगावन न उकळता देण्यात आले. उवा त्यातून गेल्या. मुलीचे डोके स्वच्छ होते. चूक आमची आहे.' खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. शिक्क्यातसुद्धा 'तीन वेळा उकळून' होतं. ज्या ओळीवर ह्या बाईनं तीस वर्षं काढली, तिच्यावर माझ्या एका दुपारच्या चुकीनं पाणी फिरवलं होतं.

अनसूयाबाईंनी कागदाला हात घातला, तरी अक्कांनी सोडला नाही. "चूक आमची म्हणजे निस्तरायचं पण आम्हीच," त्या म्हणाल्या. "एसटी संध्याकाळी पण आहे. मागं परड्यात चला तिघी. आज एकदा, मग आठ-आठ दिवसांनी दोनदा यायला लागंल, न्हाईतर लिखांतनं परत निघतात."

"माझ्या डोक्यात काय न्हाई," अनसूयाबाई म्हणाल्या.

"नसतीलच. पण बघू तर द्या. आमची खात्री होऊ दे."

"आणि हे?" त्यांनी गंगावनाकडं बोट केलं. "हे जाळून टाका माझ्यासमोर."

हेमाच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, शिंक दाबल्यासारखा.

"केस जाळल्याचा वास लई घाण येतो. दुकानात गिऱ्हाईक थांबत न्हाई," अक्का म्हणाल्या. "मी बघते त्याचं." आणि गंगावन सरळ पत्र्याच्या डब्यात टाकून त्यांनी झाकण लावलं.

आमच्या परड्यात विहिरीकडं जायला चार पायऱ्या होत्या. अक्कांनी सगळ्यांना त्या पायऱ्यांवर एकीखाली एक बसवलं. सगळ्यांत खाली शीतल, तिच्या वर हेमा, हेमाच्या वर अनसूयाबाई आणि त्यांच्या मागं स्वतः अक्का. मी कडुनिंबाचं कोमट पाणी, कापूर घातलेलं खोबरेल आणि बारीक दातांच्या तीन फण्या आणल्या. अक्कांनी एक फणी हेमाच्या हातात दिली, एक अनसूयाबाईंच्या.

"मी?" अनसूयाबाईंनी फणीकडं बघितलं.

"आम्ही दोघी कुठंकुठं पुरणार? सून तुमची, डोकं तुम्ही बघा. मी तुमचं बघते."

"तुमची चूक आणि काम मी करायचं?"

"करा की वो. आठ दिवसांची सून आहे. हिच्या डोक्याला अजून हात तरी लावलाय का तुम्ही?"

अनसूयाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी फणी तेलात बुडवली. आधी जरा झटक्यानंच ओढली, राग फणीत उतरल्यासारखा. हेमाची मान मागं गेली, पण ती गप्प राहिली. शीतलची मात्र बडबड चालू होती. त्यांच्या वर्गातल्या कुणा पोरीच्या डोक्यात इतक्या उवा होत्या की बाईंनी तिला वेगळ्या बाकावर बसवलं, आणि मग त्या बाकावर आता नऊ जणी बसतात. अक्का हसल्या. अनसूयाबाई हसल्या नाहीत, पण त्यांचा हात हळू झाला.

मी पाणी बदलायला आत गेले आणि परत आले, तर हेमा रडत होती. आवाज नव्हता. शीतलचे केस विंचरत होती आणि पाणी टपाटप त्या पोरीच्या भांगात पडत होतं.

"दुखलं का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"न्हाई, आत्याबाई."

"मग रडतीस कशाला? झालं की आता. तुझा दोष न्हाई म्हणून लिहून दिलंय त्यांनी."

"त्याचं न्हाई," हेमा म्हणाली. नाक पुसलं. "आई गेल्यापासनं कुणी विंचरलं न्हवतं."

अनसूयाबाईंची फणी तिथल्या तिथं थांबली. मग त्यांनी फणी बाजूला ठेवली, नुसत्या बोटांनी हेमाच्या केसातला एक गुंता सोडवायला घेतला, आणि म्हणाल्या, "मान सरळ ठेव." आवाज तसाच खरखरीत होता. पण तो गुंता त्यांनी इतक्या सावकाश सोडवला, की मला तिथं उभं राहवेना. मी उगाच विहिरीवर जाऊन एक घागर भरून आणली.

चार वाजता तिघींच्या वेण्या झाल्या. हेमाची अनसूयाबाईंनी घातली. पातळ शेपटी, पण घट्ट. जाताना कागद त्यांनी कमरेच्या पिशवीत घातला आणि शीतलचा हात धरला. चार पावलं गेल्यावर थांबल्या आणि मागं वळून दुसरा हात हेमाकडं केला.

त्या कोपऱ्यावर वळल्या तशी मी अक्कांवर तुटून पडले. अपराधी माणसाला जास्त राग येतो, तसं माझं झालं होतं. "मला बोला ना! मी नाही उकळलं! तिनं मनगट धरलं म्हणून नाही उकळलं, तिच्या आईचे केस होते! शिव्या द्या मला. पण उवा आपल्या म्हणून कशाला लिहून दिलंत? त्या लिखा रिकाम्या होत्या, तुम्हीच नखात धरून बघितलंत! उंब्रजपासून साताऱ्यापर्यंत आता कोण येणार आपल्याकडं?"

"आईचे होते व्हय?" अक्का खाली बसल्या. "मला वास लागला माक्याचा. तेव्हाच म्हटलं, इकत घेतलेले केस न्हवेत हे." मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आपलं बोट पुढं केलं. "ऊ लीख घालते ती केसाच्या बुडाशी, कातडीला चिकटून. मग केस वाढतो तशी लीख पुढं सरकते. एक पेर केस वाढायला दोन महिने लागतात. त्या शीतलच्या लिखा पेरभर पुढं गेल्या होत्या. आणि लग्नाला झाले किती दिवस?"

"आठ," मी म्हटलं. आणि मग मला उजेड पडला. "म्हणजे उवा त्यांच्याच घरच्या!"

"शाळेतल्या. पोरीकडनं घरात, आणि ही नवी सून तिच्या शेजारी झोपते, तिला त्यांच्याकडनं."

"मग हे त्या बाईला सांगायचं ना तोंडावर!"

"सांगते की. चार शब्दांचं काम." अक्कांनी चष्मा काढला. "ती माझ्यापुढं मान खाली घालून गेली असती. मग घरी जाऊन तो राग कुणावर निघाला असता? माझ्यावर न्हवं. मला काय, ती परत कधी भेटणार पण न्हाई. ह्या पोरीला तिच्या हाताखाली जन्म काढायचाय, प्रभा. आणि तिला परत जायला दार न्हाई."

अक्कांनी कनवटीचं फडकं काढून माझ्यासमोर उलगडलं. त्यात चिरडलेल्या उवा होत्या.

"अनसूयाबाईंच्या डोक्यातल्या," त्या म्हणाल्या. "नऊ निघाल्या. मी काय बोलले न्हाई. तू पण कुठं बोलू नकोस."

"म्हणजे त्यांना कळलंच नाही?"

"काय म्हाईत." त्यांनी फडकं चुलीत टाकलं. "आता तुझं. ते गंगावन घे आणि एकूण एक लीख नखानं काढ. उकळून आता काय करतीस? वास ठेवायचा होता ना तिला? मग ठेव नीट."

मला दोन दिवस लागले. माझी नखं दुखली, मान आखडली. त्यानंतर मात्र आमच्या दुकानातून न उकळलेला एक केस बाहेर गेला नाही. मी कानाला खडा लावला.

त्या तिघी सांगितल्याप्रमाणे अजून दोनदा आल्या. तिसऱ्या वेळी पायऱ्यांवर बसायला कुणी सांगावं लागलं नाही, आपापल्या जागी जाऊन बसल्या. कागदाचं मात्र मी म्हटलं तसंच झालं. अनसूयाबाईंनी तो जावेला दाखवला, तिनं ते गावभर केलं, आणि त्या सराईत उंब्रजकडून एक नवरी आमच्याकडं फिरकली नाही. अक्का त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मीच आपली रोज फळीकडं बघून चरफडायचे.

हेमा दर वर्षी दिवाळीच्या आधी बाजाराला आली की दुकानात डोकवायची. मी पत्र्याचा डबा काढून द्यायचे. ती झाकण उघडायची, गंगावन नाकाशी धरायची, परत ठेवायची. घरी न्यायचं नाव काढलं नाही तिनं. "इथंच असू दे, ताई," म्हणायची. पुढंपुढं माक्याचा वास गेला आणि डब्यात घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचाच नुसता यायला लागला, तरी ती यायची.

अशी बावीस-तेवीस वर्षं गेली. अक्कांची नजर गेली. मी दुकान बघायचे आणि त्या माझ्याशेजारी खुर्चीवर बसून आवाजावरून गिऱ्हाईक ओळखायच्या. एके सकाळी हेमा आली, दिवाळी नसताना. तिच्याबरोबर तिची लेक ऋतुजा होती, उंच आणि आईसारखेच पातळ केस. हेमाच्या हातात कापडी पिशवी होती.

"आत्याबाई गेल्या, दोन महिने झाले," ती म्हणाली. "ऋतुजाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी सांगून ठेवलंय, लांबवायचं न्हाई."

अक्कांनी हात जोडले. मी खुर्ची दिली. हेमानं पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला, घडीवर विरलेला. मी उघडला आणि माझे हात थांबले. 'चूक आमची आहे.' खाली अक्कांची सही, शिक्का.

"काय आहे?" अक्कांनी विचारलं.

"तुमचा कागद, अक्का. अनसूयाबाईंना दिला होता तो."

"त्यांच्या पेटीत होता," हेमा म्हणाली. "शेवटच्या आजारात मला जवळ बसवून म्हणाल्या, हा अक्कांचा अक्कांना परत दे. माझ्याकडं चुकीनं आला. म्हणाल्या, त्या दिवशी अक्का माझ्या डोक्यातनं गुपचूप काय काय काढत होत्या, ते मला कळत होतं. फडक्यात पुसत होत्या ते पण. उवा आपल्या घरच्या होत्या, हेमे. तिथंच बोलायला पाहिजे होतं, पण तोंडातनं शब्द निघाला न्हाई."

अक्कांनी हात पुढं केला, मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली.

"आणि आईचं?" मी हळूच विचारलं. "ते कळलं का त्यांना कधी?"

"मीच सांगितलं, ऋतुजाच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात. माझे केस गळायला लागले होते आणि त्या तेल लावत होत्या. म्हटलं, आत्याबाई, ते गंगावन माझ्या आईच्या केसांचं होतं. मला वाटलं आता रागावतील." हेमानं पिशवीवर हात ठेवला. "काहीच बोलल्या न्हाईत. पण दुसऱ्या दिवसापासनं विंचरताना निघालेले आपले केस टाकायच्या बंद झाल्या. ह्या पिशवीत ठेवायला लागल्या. रोज. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, पोरीच्या लग्नात तुझ्या आईच्या केसांत माझे पण घाल."

तिनं पिशवी काउंटरवर रिकामी केली. गुंतवळाचे लहान लहान गोळे, बोटाभोवती गुंडाळून नीट केलेले. सगळ्यांत जुने काळे होते, मग करडे, आणि शेवटचे पांढरे शुभ्र. एकवीस वर्षांचे केस. मी आयुष्यभर गुंतवळच हाताळली, पण त्या ढिगाला हात लावायचा मला धीर होईना. ऋतुजानं एक पांढरा गोळा उचलून तळहातावर ठेवला.

मी डोळे पुसले आणि दुकानदारीच्या आवाजात म्हटलं, "आत पांढरे घालू, वरून काळे, मग आईची वेणी. दिसायचं नाही. आता हंडा ठेवते, म्हणजे..."

हेमानं माझ्याकडं बघितलं. मनगट धरलं नाही ह्या वेळी, नुसतं बघितलं. पण मी कानाला खडा लावलेली बाई, मी अक्कांकडं बघितलं.

अक्कांनी चाचपडत एक गोळा उचलला होता. तो नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"नको उकळू," त्या म्हणाल्या.

"अक्का! आणि लिखा निघाल्या तर?"

"निघू देत की," अक्का म्हणाल्या. "लिहून द्यायला मी बसलेय अजून."